नावे कोणाच्या, जमा कोणाच्या?

रात्रीचे साडेबारा वाजले म्हणजे आमच्या गल्लीतली कुत्रीदेखील भुंकून दमलेली असतात. अशा वेळी आमचा एक मित्र मोबाइल हातात घेऊन गच्चीवर येरझारा घालत असतो. परीक्षेची काळजी नाही, प्रेमभंगही नाही. इंग्लंडात त्या वेळी संध्याकाळचे सात वाजलेले असतात आणि चेल्सीच्या एकवीस वर्षांखालील मुलांचा सामना तिसऱ्या नाहीतर चौथ्या श्रेणीतल्या कुठल्याशा गावच्या संघाबरोबर सुरू व्हायचा असतो. सामना बहुधा दिसत नाहीच. दिसतो तो फक्त गुणफलक. तरीही सकाळी पहिल्या तासाला डोळे चोळत येणाऱ्या या गृहस्थाने कागदावर सगळे गणित मांडलेले असते. गटात दुसरे आलो तरी चालेल, मग बत्तीस संघ, मग सोळा, मग आठ, मग चार आणि मग थेट वेम्बली!

मी त्याला हसतो, पण खरे सांगायचे तर त्याच्या शेजारी उभा राहून मीही तो गुणफलक पाहतो. मोठ्या संघाच्या विजयाची वाट पाहण्यात एक प्रकारचा सरकारीपणा आलेला असतो. जिंकले तर त्यात विशेष काय, हरले तर शिव्या. मुलांच्या संघाचे तसे नाही. तिथे आपण एखादे नाव जगाच्या आधी ओळखलेले असते. उद्या तो मुलगा मोठा झाला की "मी तुम्हाला सांगितले नव्हते का?" असे म्हणण्याचा हक्क आपण आजच राखून ठेवतो. शिवाय ही मुले आमच्याच वयाची. आम्ही ताळेबंद जुळवताना घाम पुसतो, ती तिशीतल्या धिप्पाड बचावपटूंच्या कोपरांना तोंड देतात.

परंतु वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला एक खोड लागलेली असते. जमेची बाजू पाहिली की नावेची बाजू कुठे आहे असे तो विचारतो. मराठी माध्यमाच्या शाळेत आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवले होते की कुणाच्या तरी खाती नावे पडल्याशिवाय कुणाच्या खाती जमा होत नाही. आमच्या मित्राच्या आनंदाची रक्कम कुणाच्या खाती नावे पडली आहे, एवढाच प्रश्न मी या लेखात विचारणार आहे.

प्रथम हा चषक काय आहे ते सांगितले पाहिजे. इंग्लंडमधल्या तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीच्या क्लबांसाठी १९८३-८४ च्या मोसमात ही स्पर्धा सुरू झाली. आज तिला ईएफएल ट्रॉफी म्हणतात. पुरस्कर्ता बदलेल तसे तिचे नावही बदलत आले आहे. कधी व्हॅन बनवणाऱ्या कंपनीचे, कधी मोटारीच्या काचा बसवणाऱ्या कंपनीचे, तर कधी रंग विकणाऱ्या कंपनीचे नाव या चषकाने मिरवले आहे. एफए कपाचा रुबाब त्याला कधीच नव्हता. पण एक गोष्ट त्याच्याजवळ होती. अंतिम सामना वेम्बलीवर! ज्या क्लबाला शंभर वर्षांत त्या मैदानाचे गवत दिसले नाही, त्याला या चषकाने तिथे नेले. १९८८ साली वुल्व्ज आणि बर्नली हे दोन्ही क्लब चौथ्या श्रेणीत गटांगळ्या खात होते. एके काळी इंग्लंडचे विजेते ठरलेले हे दोन संघ या 'किरकोळ' चषकाच्या अंतिम सामन्यात समोरासमोर आले आणि वेम्बलीवर ८०,८४१ माणसे जमली. ज्याला आपण किरकोळ म्हणतो ते कुणाला किती मोठे असते, हे या एका आकड्यावरून कळावे.

२०१६-१७ च्या मोसमापासून या स्पर्धेचे रूप बदलले. अठ्ठेचाळीस क्लबांच्या जोडीला मोठ्या क्लबांच्या अकादमींचे सोळा तरुण संघ आणून बसवले गेले. चार-चार संघांचे सोळा गट आणि प्रत्येक गटात एक पाहुणा. पाहुणे बहुतेक सामने यजमानांच्याच मैदानावर खेळणार. कारण असे सांगितले गेले की इंग्लंडची मुले अठराव्या वर्षापर्यंत चांगली दिसतात आणि मग अडखळतात. त्यांना आपल्याच वयाच्या मुलांशी खेळून काही शिकायला मिळत नाही. त्यांना पुरुषांशी, खऱ्या प्रेक्षकांपुढे, खऱ्या चषकासाठी खेळू द्या.

हा युक्तिवाद खोटा नाही. आमच्यापैकी जे सी.ए.च्या कार्यालयात आर्टिकलशिपला जातात त्यांना विचारा. पुस्तकातली उदाहरणे शंभर सोडवली तरी खऱ्या व्यापाऱ्याची, तेलकट डागांची वही हाती येईपर्यंत काही येत नाही. पावसाळी रात्री चार हजार लोक आपल्या नावाने ओरडत असताना चेंडू पायात ठेवणे हे प्रशिक्षण केंद्राच्या हिरव्यागार गालिच्यावर शिकता येत नाही. तेव्हा मुलांनी खेळू नये असे मी म्हणत नाही. पण आर्टिकल क्लार्कच्या चुकीची भरपाई अशिलाच्या खिशातून करता येत नाही, ती कार्यालयाने सोसायची असते. इथे नेमका हाच नियम उलटा झाला, असे माझे म्हणणे आहे.

इंग्लंडमधल्या गावोगावच्या पाठीराख्यांनाही तसेच वाटले. त्यांच्या मनात संशय होता आणि तो निराधार नव्हता. २०१४ साली तिथल्या फुटबॉल असोसिएशनचे तेव्हाचे अध्यक्ष ग्रेग डाईक यांच्या आयोगाने मोठ्या क्लबांच्या 'ब' संघांना लीगमध्येच जागा देण्याची शिफारस केली होती. ओरड झाली आणि ती शिफारस बारगळली. दोन वर्षांनी तेच संघ चषकाच्या दाराने आत आले, तेव्हा लोक म्हणाले की उंटाने तंबूत मान घातली आहे. अनेक ठिकाणी पाठीराख्यांनी बहिष्कार पुकारला. मैदाने रिकामी राहिली. गंमत म्हणजे ज्यांच्या मुलांसाठी हा खटाटोप, त्या आर्सेनल, लिव्हरपूल, मँचेस्टर युनायटेड, मँचेस्टर सिटी, टॉटनम यांसारख्या क्लबांनीच पहिल्या वर्षी निमंत्रण नाकारले. मग त्यांच्या जागी दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबांच्या अकादमी बोलवाव्या लागल्या. घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे, ही म्हण आपल्याकडची. पण त्या वर्षी लहान क्लबांची अवस्था तीच होती.

याच मोसमात आणखी एक प्रकार घडला. स्पर्धेचा मान राहावा म्हणून लहान क्लबांवर नियम होता की अकरांमध्ये निदान पाच खेळाडू पहिल्या फळीतले हवेत. ब्रॅडफर्डने यातून पळवाट काढली. कॉलिन डॉयल या आपल्या गोलरक्षकाला मैदानात उतरवले आणि तीनच मिनिटांनी बदलून परत बोलावले! नियम पाळला आणि गोलरक्षकही वाचला. नियम मोडणाऱ्यांना दंड बसला. बारा क्लबांना मिळून साठ हजार पौंड. त्यांत पोर्टस्मथ आणि लुटन यांना प्रत्येकी पंधरा हजार. लुटनचा अपराध असा की त्यांनी आपली स्वतःची तरुण मुले खेळवली. तोच लुटन त्या वर्षी उपांत्य सामन्यापर्यंत पोहोचला, ही गोष्ट निराळी. म्हणजे तरुणांना संधी मिळावी म्हणून जी स्पर्धा बदलली, त्याच स्पर्धेत श्रीमंताच्या मुलाने खेळणे म्हणजे 'विकास' आणि गरिबाच्या मुलाने खेळणे म्हणजे दंडनीय अपराध! याला कोणता न्याय म्हणावा?

कोणी म्हणेल, एका मोसमाच्या गोंधळावरून एवढा आरडाओरडा कशाला? ठीक आहे, जरा मागे जाऊ. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये फुटबॉल लीगच्या क्लबांनी मोठ्या क्लबांच्या पुढाकाराने आलेली अकादमींची एक नवी योजना मान्य केली. बाजूने ४६ मते, विरुद्ध २२. ती फेटाळली असती तर तरुणांच्या प्रशिक्षणासाठी मिळणारा पैसा बंद होईल, ही टांगती तलवार डोक्यावर होतीच. त्यापूर्वी मोठ्या क्लबाने लहान क्लबाचा मुलगा नेला आणि रकमेवर एकमत झाले नाही, तर लवाद किंमत ठरवी. २०१२ पासून दरपत्रकच आले. नऊ ते अकरा या वयातल्या मुलासाठी वर्षाला तीन हजार पौंड. त्यापुढच्या वर्षांना अकादमीच्या प्रतीप्रमाणे जास्त. पुढे तो मुलगा प्रीमियर लीगमध्ये खेळू लागला तर आणखी काही रक्कम मिळते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण असे खेळू लागणारे किती?

आता बेरीज करू. एका लहान क्लबाने नवव्या, दहाव्या आणि अकराव्या वर्षी मुलाला घडवले. संध्याकाळी दिवे लावले, प्रशिक्षक ठेवला, पावसात सामने घेतले. मोठ्या क्लबाने त्याला उचलले तर या तीन वर्षांचे मोल झाले नऊ हजार पौंड. आणि २०१६-१७ मध्ये या चषकातला गटातला एक सामना जिंकल्याचे बक्षीस होते दहा हजार पौंड! म्हणजे एका मुलाच्या तीन वर्षांपेक्षा एका मंगळवारच्या रात्रीची किंमत अधिक. तोच मुलगा अठराव्या वर्षी मोठ्या क्लबाचा शर्ट घालून आपल्याच जुन्या मैदानावर पाहुणा म्हणून येऊ शकतो आणि ते दहा हजारही आपल्या नव्या मालकाला मिळवून देऊ शकतो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. दोष मुलाचा नाही. त्याला तर बिळात सोडलेले आहे.

लंडनच्या ब्रेंटफर्ड क्लबाने २०१६ साली आपली अकादमी बंद करून टाकली. खर्च आपण करायचा आणि पीक आले की शेजाऱ्याने नाममात्र दाम देऊन कापून न्यायचे, हा व्यवहार परवडत नाही असा त्यांचा हिशेब होता. (२०२२ साली, प्रीमियर लीगमध्ये पोहोचल्यावर, त्यांनी ती पुन्हा उघडली, तोवर ते स्वतःच शेजाऱ्याच्या रांगेत जाऊन बसले होते!) ज्यांच्याजवळ असा पर्याय नव्हता त्यांनी काय करावे? बरी या क्लबाचे उदाहरण घ्या. १८८५ साली स्थापन झालेला हा क्लब २०१८-१९ मध्ये याच चषकाच्या उपांत्य सामन्यात पोहोचला, तिथे पोर्टस्मथकडून हरला. लीगमध्ये त्याला वरच्या श्रेणीत बढतीही मिळाली. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पैशाच्या अडचणींपायी त्याची लीगमधून हकालपट्टी झाली. त्याच्या गिग लेन मैदानावर २०२३ मध्ये क्लबाच्या नावाने पुन्हा फुटबॉल सुरू झाले ते कितीतरी खालच्या पायरीवरून. बरीच्या पतनाला हा चषक जबाबदार होता असे मला मुळीच म्हणायचे नाही; कारण मालकांचे कर्ज होते. मला म्हणायचे आहे ते एवढेच की मोठ्या क्लबाची मुले जिथे 'अनुभव' घ्यायला येतात, तिथे समोरचा क्लब कित्येकदा आपल्या अस्तित्वासाठी खेळत असतो.

आता दुसरी बाजू. बहिष्कारवाले म्हणाले होते की चषक मरेल. तो मेला नाही. २०१७ चा अंतिम सामना कॉव्हेंट्री आणि ऑक्सफर्ड यांच्यात झाला. कॉव्हेंट्रीचा क्लब त्या मोसमात चौथ्या श्रेणीत घसरत होता, मालकांविरुद्ध पाठीराखे रस्त्यावर होते. तरी त्या दिवशी ७४,४३४ माणसे आली आणि कॉव्हेंट्री २-१ ने जिंकला. २०१९ मध्ये पोर्टस्मथ आणि सुंदरलँड यांच्या अंतिम सामन्याला ८५,०२१ प्रेक्षक होते. त्या स्पर्धेच्या इतिहासात तेवढी गर्दी त्याआधी कधी झाली नव्हती. पाहुणे आले म्हणून गावांनी आपले घर सोडले नाही, हे मान्य केले पाहिजे. पण हे दोन्ही अंतिम सामने गावांचेच होते, हेही विसरता कामा नये.

पाहुण्यांपैकी सर्वांत लांब पोहोचला तो चेल्सीचा संघ, आमच्या मित्राच्या स्वप्नाचा मूळपुरुष. २०१७-१८ च्या मोसमात तो उपांत्य सामन्यात आला. रीस जेम्स, हडसन-ओडोई ही त्याच पिढीतली नावे. यांतला जेम्स तीनच वर्षांनी युरोपचा विजेता झाला. समोर होता लिंकन सिटी. १८८४ साली स्थापन झालेला हा क्लब सहा वर्षे लीगच्या बाहेर काढून २०१७ मध्ये परत आलेला आणि तोवर एकदाही वेम्बलीवर न खेळलेला. २०१८ च्या फेब्रुवारीत लिंकनच्या मैदानावर सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टींवर लिंकन जिंकला. एप्रिलमध्ये त्यांनी श्र्यूसबरीला १-० ने हरवून चषक घरी नेला. ते शहर लाखभर वस्तीचे. त्यातली वीस हजारांहून अधिक माणसे त्या दिवशी लंडनला गेली होती. म्हणजे घरटी एक माणूस वारीला निघावा तसे. २०२५ च्या अंतिम सामन्यापर्यंत दुसरा कोणताही पाहुणा संघ चेल्सीइतका पुढे आलेला नाही.

त्या रात्री समजा चेल्सीची मुले जिंकली असती तर? आमच्या मित्राला आनंद झाला असता, मलाही झाला असता. पण त्या मुलांना पुढे वेम्बली अनेक वेळा दिसायचे होते. लिंकनच्या आजोबांना ते एकदाच दिसायचे होते. दोन वाट पाहण्यांमधला फरक मला इथे दिसतो. आम्ही वाट पाहतो खेळाडूंची. हा मोठा होईल का, तो वरच्या संघात जाईल का. चषक हे आमच्या लेखी निमित्त असते. गाव मात्र चषकाचीच वाट पाहते. खेळाडू येतील-जातील, गाव तिथेच राहणार असते.

हे समजायला आम्हाला इंग्लंडला जायला नको. कोल्हापूर आमच्यापासून फार दूर नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना असला की पेठेतल्या म्हातारीलाही निकाल हवा असतो. अशा एखाद्या स्थानिक चषकात उद्या महानगरातल्या धनाढ्य क्लबाने आपला युवा संघ आणून बसवला, बक्षिसाची रक्कम वाढवून दिली आणि वर पेठेच्या संघांना बजावले की तुमची पोरे नकोत, मोठेच खेळवा, तर कोल्हापूरकर काय म्हणतील ते छापण्याजोगे नसेल!

आपल्या देशातही एक युवा संघ होता. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा झाली. त्या मुलांना पुरुषांशी खेळायला मिळावे म्हणून अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 'इंडियन ॲरोज' या नावाचा आपला संघ पुन्हा उभा करून आय-लीगमध्ये उतरवला. २०१७ च्या नोव्हेंबरात गोव्यात बांबोळीच्या मैदानावर या पोरांनी चेन्नई सिटीचा ३-० ने पराभव केला. त्यातले दोन गोल कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे होते. २०१९ मध्ये सुपर कपच्या पात्रता सामन्यात त्यांनी केरळ ब्लास्टर्ससारख्या संघाला २-० ने घरी पाठवले. हे वाचून कोणाची छाती फुगणार नाही? पण या संघाला गाव नव्हते. कधी गोवा, कधी भुवनेश्वर. तळाला गेला तरी खाली जाण्याची भीती नाही, कारण तो पाहुणा. लीगचा तळ गाठला म्हणून कुठल्या चौकात कुणी रडले नाही आणि २०२२ मध्ये तो संघ बंद झाला तेव्हा कुठला मोर्चा निघाला नाही. मुले शिकली, पुढे निरनिराळ्या क्लबांत गेली. तेवढे काम झाले. पण ज्या संघाच्या पराभवाने कुणाचे जेवण चुकत नाही, तो संघ म्हणजे शिकवणीचा वर्ग असतो. तो चांगला असू शकतो. पण शिकवणीचा वर्ग म्हणजे घर नव्हे.

मग तरुणांच्या संघाने कोणत्या चषकात खेळूच नये का? स्पेनचे उदाहरण मला उपयोगी वाटते. तिथे मोठ्या क्लबांचे दुय्यम संघ लीगमध्येच खेळतात. पण हरले की इतरांसारखे खाली जातात आणि आपल्या मूळ संघाच्या श्रेणीत त्यांना कधीच खेळता येत नाही. १९८० साली रियल माद्रिदचा असाच दुय्यम संघ कास्तिया, दुसऱ्या श्रेणीत असताना, स्पेनच्या राजाच्या चषकात पहिल्या श्रेणीतले चार संघ लोळवत थेट अंतिम सामन्यात पोहोचला. तिथे समोर कोण? खुद्द रियल माद्रिद! थोरल्यांनी धाकट्यांना ६-१ असे धुतले. परंतु माद्रिद लीगचेही विजेते असल्यामुळे युरोपातल्या चषकविजेत्यांच्या स्पर्धेत कास्तियाला जागा मिळाली आणि तिथे त्यांनी पहिल्या सामन्यात वेस्ट हॅमला ३-१ ने हरवलेही. परतीच्या सामन्यात मात्र ते ५-१ ने हरले. एवढा पराक्रम पाहूनही स्पेनने १९९० नंतर दुय्यम संघांना त्या चषकातून वगळले. लीगमध्ये शिका, चषक मात्र ज्याचा त्याने आपल्या एकाच नावाने खेळावा. पाहुणचार आणि वाटणी यांतला फरक त्यांना कळला, असे मी म्हणेन.

माझे मत आता सरळ सांगतो. इंग्लंडमधली मुले या चषकात खेळत आहेत तर खेळू द्यावीत. आणि उद्या त्यांपैकी एखादा संघ मैदानावर सर्वांना हरवून वेम्बलीवर पोहोचला तर त्याला चषक उचलू द्यावा. पंगतीत बसवायचे आणि पक्वान्न वाढताना हात आखडायचा, हे सभ्यपणाचे नाही. पण पंगतीचा खर्च पाहुण्याने उचलावा. पाहुण्या संघाने जिंकलेली बक्षिसाची रक्कम यजमान क्लबांच्या तरुण संघांसाठी वेगळी ठेवावी. चेल्सीला दहा हजार पौंड म्हणजे समुद्रात चिमूटभर मीठ. लहान क्लबाने आपली मुले खेळवली तर त्याला दंड नव्हे, शाबासकी मिळावी. लहान मुलांची किंमत दरपत्रकाने नव्हे, दोन्ही बाजूंचे ऐकून घेणाऱ्या लवादाने ठरवावी. आणि ही व्यवस्था पुढे चालवायची की नाही हे त्या अठ्ठेचाळीस क्लबांनी ठरवावे. हो म्हटले तर जादा पैसे आणि नाही म्हटले तर आहेत तेही बंद, अशी अट न घालता. घरमालकाला विचारूनच पाहुण्याने मुक्काम वाढवायचा असतो.

आमच्या मित्राला मी हे सगळे ऐकवले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "अरे, मग मी पाहायचेच नाही का?" पाहायचे, का नाही पाहायचे? आपल्याच वयाची मुले धडपडताना पाहून ज्याला उमेद येत नाही तो विसाव्या वर्षीच निवृत्त झाला म्हणायचा. मी त्याला एवढेच सुचवले की पुढच्या मंगळवारी समोरचा संघ कोणत्या गावचा आहे, ते गाव नकाशावर कुठे आहे आणि तो क्लब किती वर्षांचा आहे, हे सामन्याआधी शोधून ठेव. नंतर खुशाल चेल्सीचा गोल मोज.

गेल्या खेपेला त्याने ते केले. गच्चीवर आम्ही दोघे उभे होतो. शेवटच्या मिनिटांत त्या गावच्या संघाने बरोबरी साधली. मित्राने कपाळावर हात मारला. मग मोबाइल खिशात टाकत म्हणाला, "जाऊ दे. त्यांचे मैदान १९०० च्या आधीपासूनचे आहे म्हणे."

मला वाटते, निदान एका खात्यावर तरी रक्कम बरोबर बाजूला लिहिली गेली.